दुपारचा पहारा

मी देवाला दोन हात जोडत नाही. डावा हात छातीवर ठेवते, मान झुकवते, झालं. इथं बारामतीला, जळोचीत आमच्या सोसायटीच्या आरतीला उभी राहिले की नव्या सुना तिरक्या नजरेनं बघतात. एकीनं तर विचारलंच, "काकू, उजवा हात दुखतो का?" म्हटलं, दुखत नाही बाई, चांगला धडधाकट आहे, पण तो जोडायचा नाही असं ठरवलंय.  मी अशीच आहे, सरळ प्रश्नाला वाकडं उत्तर देणारी, आणि आता या वयात मला कोण सुधारणार? पण मागच्या महिन्यात एका कीर्तनात बुवांनी माझ्याच आईचा दाखला दिला, नाव न घेता, आणि इतका गोडगोड करून दिला की मला मांडवात बसवेना. म्हणून हे लिहायला घेतलं. खरं काय झालं ते बघितलेली आता मी एकटीच उरले आहे.

सणसरच्या शिवारात, कालव्याच्या फाट्याला लागून आमची सहा घरांची वस्ती होती. चहूकडं ऊस. घरात आम्ही तिघं, आई, दादा म्हणजे माझे वडील, आणि मी. दादा कारखान्यात हंगामी कामाला होते, त्यामुळं हंगाम सुरू झाला की कारखान्याचा भोंगा हेच आमचं घड्याळ. भोंग्याला चहा, भोंग्याला भाकरी. हवेला मळीचा वास यायचा, दोरीवरच्या कपड्यांवर काळी काजळी बसायची. आई कपडे झटकत कारखान्याच्या नावानं बोटं मोडायची आणि त्याच दमात दादांच्या डब्यात एक भाकरी जास्त घालायची. तिचं नाव हौसाबाई, आणि आवाज असा की फाट्यापलीकडं पाणी धरणाऱ्या माणसाला घरातून हाक मारली तर तो तिथून ओ द्यायचा. झाडताना गायची, दळताना गायची, भांडून झालं की गायची. तिला लिहिता येत नव्हतं, पण देवाशी बोलायला तिचे स्वतःचे शब्द होते.

आमच्या भिंतीला भिंत लावून पारूमावशीचं घर. ती नात्यानं कुणी नव्हती, पण आई आणि ती एकाच साली या वस्तीत सुना म्हणून आल्या होत्या, आणि सासवांचा जाच दोघींनी मिळून सोसला होता. आमच्या घरातलं मीठ संपलेलं आमच्या आधी तिला कळायचं. भिंतीवरून कालवणाच्या वाट्या इकडून तिकडं जायच्या. तिच्या हातची शेंगदाण्याची चटणी, खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटलेली, मी तिच्याच चुलीपुढं बसून खायची. शाळेतून आले की आधी तिच्या घरात शिरायची, मग आमच्या.

वस्तीच्या मधोमध पत्र्याचं विठ्ठलाचं देऊळ होतं. तिथं दर माघात सप्ता बसायचा. सात दिवस नामस्मरण चालू, आणि ते सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकानं गळ्यात घालून उभं राहायचं, दोन तास झाले की दुसऱ्यानं घ्यायची. त्याला पहारा म्हणतात. वीणा देताना देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या. सासरा असो, सून असो, भाऊबंदकीतला वैरी असो, वीणा घ्यायची तर त्याच्या पायाशी वाकायचं. पूर्वी पहारे पुरुषांचेच. पण हंगामात पुरुष ऊसतोडीला नाहीतर कारखान्यात, आणि दुपारच्या वेळी देवळात माणूस मिळेना, तेव्हा आईनं देवळाची व्यवस्था बघणाऱ्या तात्यांना गाठलं. "दुपारचं आमाला द्या. न्हायतर यीणा खुंटीला अडकवा आन सांगा द्येवाला, थांब जरा, बापय मानसं ऊस तोडाय गेल्यात." तात्या म्हातारे, भांडणाला भिणारे. दुपारचे पहारे बायकांना मिळाले. बारा ते दोन पारूमावशी, दोन ते चार आई. पहिल्या वर्षी वीणा देताना दोघी एकमेकींच्या पायांवर एकाच वेळी वाकल्या, डोक्यावर डोकं आपटलं, आणि देवळात हसू आवरेना.

कडबाकुट्टीचं मशीन पारूमावशीकडं होतं, विजेवरचं. आमच्या म्हशीचा चाराही तिथंच कापायचा. भाद्रपदात एका सकाळी आई मक्याची धाटं मशीनला लावत होती आणि पारूमावशी भारे ओढून देत होती. लाईट गेली. मशीन थांबलं, एक धाट तोंडात अडकून बसलं. भिंतीवरचं बटण पारूमावशीच्या हाताशी होतं. आईनं हाक मारून सांगितलं, "पारू, बटान बंद कर, म्या धाट काडते." "केलं," असं उत्तर आलं. आईनं उजवा हात आत घातला आणि लाईट आली. मी तेव्हा फाट्यावर भांडी घासत होते. आईची किंकाळी मी ऐकली, तिच्याबद्दल मी एवढंच लिहिणार आहे.

बारामतीच्या दवाखान्यात मनगटाच्या वर दोन बोटांपासून हात काढला. आई घरी आली तेव्हा वस्तीनं, गावानं अंगण भरून टाकलं. एक लांबची मामी म्हणाली, द्येव परीक्षा बघतो गं चांगल्या मानसाची. आई पांघरुणातून म्हणाली, "परीक्षा बघायला त्यो मास्तर हाय व्हय? आन बघायचीच हुती तर हाताचीच कशाला, डोक्याची बघायची." मामी चहा न घेताच उठली. पारूमावशी पण आली. कोपऱ्यात बसली, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "म्या बटान बंद केलं हुतं. मशीन कसं चालू झालं, त्या द्येवालाच ठावं." आईनं तिच्याकडं एकदा बघितलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. दादांनी मशीन बघितलं, वायरमननं बघितलं, बटणात काही दोष निघाला नाही. मग लोकांनी आपापसांत ठरवून टाकलं की हौसाच घाईची, पारूनं बटण बंद करायच्या आतच तिनं हात घातला असणार, 'केलं' वगैरे काही ऐकलंच नसणार. हात गेल्यापेक्षा हे आईला जास्त लागलं. आपला हात गेला तो गेला, वर आपणच खोटे ठरलो. मी सोळा वर्षांची होते. त्याच रात्री मी देव्हाऱ्यापुढं सांगून टाकलं, माझ्या आईला हात जोडता येत नाहीत ना, मग मीही जोडणार नाही, तुला काय करायचं ते कर.

आईनं मात्र गाणं सोडलं नाही, उलट वाढवलं. भाकरी डाव्या हातानं थापायला शिकली, परात भिंतीला टेकवून, थोटका हात कडेला दाबून. पहिल्या पंधरा दिवसांतल्या भाकरी कुठं जाड, कुठं पातळ, काही तर म्हशीनंच खाल्ल्या. मी पुढं झाले की ओरडायची, "सरक. हात ग्येलाय, म्या गेले न्हाय." मग एक दिवस तिनं टाळ काढले. एक टाळ डाव्या हातात, दुसरा उजव्या थोटक्या हाताला जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधायला लावला. मीच बांधला. जखम ओली होती, प्रत्येक ठोक्याला तिचा जबडा आवळायचा, आणि टाळ खणखणीत न वाजता दबका वाजायचा. रोज पहाटे मागच्या अंगणात उभी राहून ती गायची. शब्द तिचेच होते: "घेतलंस ते बी तुजं, ठेवलंस ते बी तुजं, गोड मानून घेते रे विठ्ठला." साऱ्या वस्तीला जाग यायची. दादा म्हणाले, जरा हळू म्हण, अजून उजाडलंही नाही. ती म्हणाली, "द्येवाचं नाव हाय, चोरी न्हाय."

लोक थक्क झाले. आजूबाजूच्या वस्त्यांवरून बायका तिला बघायला यायच्या. हात गेला तरी देवाचं गुणगान सोडलं नाही, कसलं हे निर्मळ मन. बुवांनी कीर्तनात सांगितली ती एवढीच गोष्ट. मलाही तेव्हा अभिमानच वाटायचा, उगाच कशाला खोटं सांगू? पहाटे गोधडीत पडून मी तो आवाज ऐकायची आणि मनात म्हणायची, बघा, आहे का कुणाची हिंमत माझ्या आईला मोडायची. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. पुढचं अंगण मोठं, तुळस तिथं, उगवतीकडं तोंड करायचं तर तेही तिथूनच. आई तिथं कधीच गायली नाही. ती मागच्याच अंगणात उभी राहायची, आणि तिथं समोर फक्त पारूमावशीची खिडकी होती.

माघ आला. तात्या घरी येऊन चाचरत म्हणाले, "हौसा, औंदा तुजा पहारा दुसऱ्या कुनाला द्यावा का?"

"का?"

"न्हाय म्हंजी, हाताचं आसं…"

"यीणा गळ्यात घालत्यात, तात्या. गळा हाय की माजा."

तात्यांनी देवळातला पहाऱ्यांचा फळा लिहिला, आणि तो लिहिताना त्यांनी नेहमीचं केलं, मागल्या वर्षीची यादी जशीच्या तशी उतरवली. बारा ते दोन पारूबाई. दोन ते चार हौसाबाई. पाच महिने दोघी एक शब्द बोललेल्या नाहीत हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं, आणि तात्यांनाही होतं. पण त्यांच्या लेखी पहाऱ्याची यादी ही अशी वस्तू होती की तिला हात लावायचा नाही. आईनं नाव बदला म्हटलं नाही. पारूमावशीनंही नाही. दोघींची मोडेन पण वाकणार नाही अशी जात.

पहिल्या दिवशी दोनला दहा मिनिटं कमी असताना आई देवळात आली. नवं हिरवं लुगडं, पाय धुतलेले. मी मागं होते. देवळात दहा-बारा बायका, तात्या, दोन-तीन म्हातारे. पारूमावशी वीणा घेऊन विठ्ठलापुढं उभी, खूप वाळली होती. दोन वाजले. पारूमावशी वळली आणि वीणा सांभाळत आईच्या पायांशी वाकायला लागली. आई दोन पावलं मागं सरली.

"थांब," आई म्हणाली. "माज्या पाया पडू नगं. म्या बी तुज्या पडत न्हाय. माजं मन साफ न्हाय, आन तुजं बी न्हाय. आसल्या मनानं यीणा घेतली तर ती लाकूड आन तार. म्या घेत न्हाय."

एवढं बोलून ती खांबाला पाठ लावून खाली बसली.  तात्या पुढं आले, म्हणाले, पारू, आण इकडं, मी घेतो दोन तास. पारूमावशीनं वीणा छातीशी धरली. "द्येईन तर हौसाच्या हातात. तिला घ्यायची नसंल तर मी हितंच उभी हाय." तात्यांनी कपाळाला हात लावला. आता झालं असं की वीणा खाली ठेवता येत नाही, दुसऱ्याला ती देत नाही, आणि जिला देते ती घेत नाही. बायकांनी दोघींना समजावलं. एकीनं आईला म्हटलं, अगं, तू तर एवढी देवाची, तू माफ नाही करायचं तर कुणी? आई म्हणाली, "तुजं काय जातंय माफी वाटाय?" पारूमावशीनं नजर विठ्ठलावरून हलवली नाही. तार वाजवत राहिली, नाम घेत राहिली.

तीन वाजले. चारचा भोंगा झाला. चारच्या पहाऱ्याचा माणूस कामावरून धुऊनपुसून आला आणि दारातच अडकला. पारूमावशी चार तास उभी होती. तिचे पाय सुजलेले दिसत होते, एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकताना ती डोळे मिटून घ्यायची. कुणी पाणी पुढं केलं, तिनं मान हलवून नको म्हटलं. आणि मी काय करत होते? मी आईशेजारी बसून, पाच महिन्यांत पहिल्यांदा, मनापासून प्रार्थना करत होते. विठ्ठला, पाड हिला. सगळ्यांदेखत पाड. वीणा पडू दे, सप्ता मोडू दे, हिचं तोंड काळं होऊ दे. इतक्या एकाग्रतेनं मी आयुष्यात पुन्हा कधी देवाला काही मागितलं नाही. आता मागं वळून बघते तेव्हा लाज वाटते, पण एवढी नाही की खोडून टाकावं.

आई माझ्याकडं बघत होती. हळूच म्हणाली, "शालन, काय मागतीस गं?"

"काय न्हाय."

"त्वांड बघितलंय म्या तुजं. खरं बोल."

"ती पडावी म्हणून मागतेय," मी म्हटलं. "तुझ्यासाठीच मागतेय."

आईचा चेहरा कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. मी तिला हात गेल्यावर बघितलं होतं, जखमेतली चिंधी सोडवताना बघितलं होतं, पण अशी घाबरलेली कधी बघितली नव्हती.  मग डाव्या हातानं खांब धरून उठली आणि पारूमावशीसमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण तिचा साधा आवाजही देवळाला पुरून उरायचा.

"पारू, ऐक. पाच म्हैने लोक म्हनत्यात, हौसा हात ग्येला तरी द्येवाचं गाती. खोटं हाय. म्या द्येवासाठी गात न्हवते. तुज्या खिडकीकडं त्वांड करून गात हुते. तुला झोप लागू न्हाय म्हनून गात हुते. विठ्ठलाचं नाव घ्यायची, आन पोटात तुजं वाटोळं मागायची. आज माज्या लेकीनं त्येच मागितलं, तवा मला कळलं म्या तिला काय शिकवलं."

पारूमावशीनं तार छेडायची थांबवली नाही. नुसती म्हणाली, "ठावं हाय मला. मला झोप लागतच न्हवती, हौसा. तू गायली नसतीस तरी लागली नसती."  मग तिनं मान वर केली, आईकडं नाही, सगळ्यांकडं बघितलं. "बटान म्या बंद केलं न्हवतं. चुलीवर दूध उतू चाललं हुतं, म्या तिकडं पळाले. पळता पळता 'केलं' म्हनाले. हिनं इचारलं हुतं, आन म्या 'केलं' म्हनाले."

 मला वाटलं आता आई तिच्या तोंडात मारेल, आणि मला तेच हवं होतं. आई म्हणाली, "येवढं बोलाय पाच म्हैने लागलं व्हय गं?" आणि रडायला लागली. दवाखान्यात रडली नव्हती ती तिथं रडली, मोठ्यानं, लुगड्याचा पदर तोंडात कोंबून. पारूमावशी वीणेमुळं तिला जवळ घेऊ शकत नव्हती, तिथंच उभी राहून तीही रडली. तात्यांनी हात पुढं केला तशी आई डोळे पुसत म्हणाली, "कुनी मधी येऊ नगा." पारूमावशी वाकली. पायातला जीव गेलेला, तिला वाकायलाही भिंतीचा आधार लागला. मग आई वाकली. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. आईनं थोटका हात वीणेभोवती आवळला, डाव्या हाताच्या बोटानं तार छेडली. पहिले दोन-तीन सूर चुकले. मग ती नाम घ्यायला लागली, आणि इतक्या हळू की मी खांबापाशी होते तरी मला फक्त तिचे ओठ हलताना दिसले. आत्तापर्यंत जे ऐकून लोक थक्क होत होते ते गाणं नव्हतं, हे होतं, असं मला त्या बुवांना भर मांडवात उठून सांगायचं होतं. त्यांना निर्मळ मन हवं होतं. निर्मळ मन असं आपोआप असतं होय? ते चारचौघांत घासून घ्यावं लागतं, लाज गिळून.

पारूमावशीला चालता येईना. आईला आता नाम तोडायचं नव्हतं, तिनं डोळ्यांनीच मला खूण केली, हिला घरी ने. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं. मला नाही म्हणायचं होतं. आईच्या डोळ्यांपुढं ते जमलं नाही, म्हणून उठले, चांगुलपणा म्हणून नाही. तिचा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि आम्ही निघालो. शंभर पावलांची वाट, पण ती संपता संपेना. निम्म्यात ती म्हणाली, "शालन, तुजा राग ग्येला न्हाय."

"न्हाय गेला," मी म्हटलं. "आणि मी तुमच्या घरात पाऊल टाकणार न्हाय. दारापर्यंत सोडते."

"बरं," ती म्हणाली. "मग ग्येलाय आसं कुनाला सांगू नगंस. मला बी नगं, द्येवाला बी नगं. खोटं बोलून काय हुतंय ते म्या बघितलंय. जवा जाईल तवा जाईल."

दाराशी आल्यावर तिनं माझा खांदा सोडला, भिंतीला धरलं आणि एकटीच आत जायला लागली, मी येणार नाही म्हणाले होते म्हणून. दोन पावलं नीट गेली. तिसऱ्याला तिचा गुडघा लचकला आणि ती चौकटीला लोंबकळली, पण मला हाक मारली नाही. मी आत गेले. तिला बाजेवर बसवलं, कोनाड्यातली तेलाची बाटली घेतली आणि तिच्या पायांशी खाली बसले. राग होता तसाच होता, तो मी लपवला नाही. पाय चोळत राहिले.